परक्या भाषेचे प्रामाणिक वाचन : रशियन आणि गुप्तवार्तेचे काम

(भरे, ता. मुळशी, जि. पुणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवले. म्हणून मी आज वाचनावरच बोलायचे ठरवले आहे. हे वाचन परक्या भाषेतले आहे आणि देशाच्या सुरक्षेसाठी करायचे आहे. मी पुण्यात रशियन शिकवते. दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी वर्ग संपल्यावर थांबतो आणि विचारतो, "मॅडम, रशियन आली तर गुप्तचर खात्यात इंटर्नशिप मिळते का? तिथे नेमके काय करायला लावतात?" विचारणाऱ्या मुलाच्या मनात सिनेमातली दृश्ये असतात, हे खरे, पण प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. आज तुम्ही तासभर दिला आहे, तर ते नीट देण्याचा प्रयत्न करते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. गुप्तवार्तेच्या कामात भाषा जाणणाऱ्याची खरी किंमत त्याच्या प्रामाणिकपणात असते. कागदावर किंवा ध्वनिफितीत जे आहे ते पूर्ण सांगायचे, जे नाही ते सांगायचे नाही, आणि जे कळले नाही तिथे 'कळले नाही' असे लिहायचे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ही अंगी बाणवायला अतिशय अवघड शिस्त आहे, आणि ती एखाद्या गुप्त कचेरीत गेल्यावर शिकता येत नाही. ती इथे, उघड्यावर, शाळेत आणि वर्गातच शिकावी लागते.

मुळशी, पॅरिस आणि एक रशियन पुस्तिका

रशियन भाषा, गुप्त पोलीस आणि मुळशी यांचा काय संबंध, असे कुणाला वाटेल. संबंध आहे, आणि तो आपल्याच सेनापतींच्या आयुष्यातून जातो. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, या तालुक्यात मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणाखाली मावळातली गावे जाणार होती, आणि त्या गावांच्या बाजूने पांडुरंग महादेव बापट उभे राहिले. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. पण त्याच्या चौदा वर्षे आधी हेच बापट पॅरिसमध्ये होते.

पारनेरचा हा हुशार मुलगा डेक्कन कॉलेजात शिकून 1904 मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेला. तिथल्या राजकीय भाषणांपायी त्याची शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनचे इंडिया हाऊस आणि तिथून पॅरिस. 1907 च्या सुमारास बंगालचे हेमचंद्र दास आणि बापट हे पॅरिसमधल्या निर्वासित रशियन क्रांतिकारकांच्या संपर्कात आले. झारच्या राज्यातून पळून आलेल्या त्या मंडळींकडून बॉम्ब बनवण्याची एक पुस्तिका त्यांना मिळाली. ती रशियनमध्ये होती. हिंदुस्थानात ती जशीच्या तशी पाठवून काही उपयोग नव्हता. रशियन जाणणाऱ्यांची मदत घेऊन तिचे इंग्रजी करावे लागले, मग प्रती निघाल्या आणि त्या गुप्तपणे इकडे आल्या.

आता दुसरी बाजू पाहा. मे 1908 मध्ये कलकत्त्यात क्रांतिकारकांच्या माणिकतळ्याच्या बागेवर छापा पडला, तिथे एक प्रत सापडली. 1909 मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घराची झडती झाली. तिथे छपरात लपवलेला, दाट टंकलिखित केलेला इंग्रजी कागदांचा गठ्ठा हाती लागला. पोलिसांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून ताडून पाहिले. मजकूर एकाच पुस्तिकेचा होता. नाशिकची प्रत मात्र अधिक पूर्ण होती, तिच्यात 45 आकृत्या होत्या. ही नोंद पुढे 1918 च्या रौलट समितीच्या अहवालात आली. कलकत्ता आणि नाशिक या दोन टोकांमागे एकच उगम आहे, हे सरकारला कळले ते या ताडून पाहण्यामुळे.

आपल्या मनात बापटांविषयी आदर आहे आणि तो असलाच पाहिजे. पण आजच्या विषयासाठी मी तुम्हाला या घटनेतली दोन्हीकडची कामे पाहायला सांगते. एका बाजूला रशियनमधून इंग्रजीत उतरवणारे कुणीतरी बसले होते. रसायनांची नावे, मापे, क्रम यांत एक चूक झाली असती तर वाचणाऱ्याचा जीव गेला असता. दुसऱ्या बाजूला दोन प्रती ओळीओळीने जुळवणारा कारकून होता. दोघांनाही धाडसापेक्षा अचूकतेची गरज अधिक होती. आणि हे सगळे ज्या पॅरिसमध्ये चालले होते, तिथल्या रशियन वकिलातीत झारच्या गुप्त पोलिसांची, म्हणजे 'ओखराना'ची, शाखा 1883 पासून बसलेली होती आणि निर्वासित रशियनांवर नजर ठेवून होती. त्या शाखेचे दप्तर आज कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हूव्हर संस्थेत आहे. क्रांतिकारक रशियनमध्ये लिहीत होते, त्यांच्यावर पाळत ठेवणारेही रशियनमध्येच लिहीत होते. तो काळ समजून घ्यायचा तर दोन्ही कागद वाचता आले पाहिजेत.

रिकामी जागा

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येते. गुप्तचर संस्थेत भाषा जाणणारा माणूस नेमके काय करतो? त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण अमेरिकेच्या 'व्हेनोना' प्रकल्पात सापडते. सोव्हिएत वकिलाती मॉस्कोला सांकेतिक तारा पाठवत. 1 फेब्रुवारी 1943 रोजी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉलमध्ये त्या तारांवर काम सुरू झाले. सुरुवात केली ती जीन ग्रेबील नावाच्या एका तरुण शिक्षिकेने. ती काही आठवड्यांपूर्वीपर्यंत शाळेत शिकवत होती. युद्धाच्या घाईत सोव्हिएत कार्यालयाने एकदाच वापरायच्या सांकेतिक वह्यांची काही पाने दोनदा छापली होती. ती चूक लक्षात आल्यामुळे तारांचे काही तुकडे उलगडू लागले.

आकडे उलगडले तरी पुढे वाक्य उभे करायला भाषा लागते. ते काम मेरेडिथ गार्डनर यांनी केले. ते मूळचे भाषांचे प्राध्यापक. जर्मन, लिथुएनियन अशा अनेक भाषांबरोबर त्यांना संस्कृतही येत होती. रशियन त्यांनी नंतर शिकून घेतली. डिसेंबर 1946 मध्ये त्यांनी 1944 सालची एक तार वाचली. तिच्यात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे होती. अमेरिकेचे सर्वांत मोठे गुपित बाहेर गेले आहे, याचा हा धागा होता.

व्हेनोनाचे कागद 1995 मध्ये खुले झाले. विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावेत. पहिल्याच नजरेत एक गोष्ट भरते. वाक्याच्या मध्येच कंस येतो आणि त्यात लिहिलेले असते: इतके इतके सांकेतिक गट उलगडले नाहीत. कुठे ओळीतला एकच शब्द कळलेला असतो आणि पुढची अर्धी ओळ रिकामी असते. तळटीपेत टोपणनावापुढे 'कोण ते ठरलेले नाही' अशी नोंद असते. बरीच वर्षे काम करूनही त्या माणसांनी ती भोके अंदाजाने बुजवली नाहीत. हा प्रकल्प 1980 पर्यंत चालला. जवळपास 3,000 तारा पूर्ण किंवा अंशतः वाचल्या गेल्या. त्या कागदांवर आजही इतिहासकार भरवसा ठेवतात, याचे मोठे कारण म्हणजे त्यांतल्या रिकाम्या जागा. जिथे कळले नाही तिथे तसे लिहिले आहे, म्हणून जिथे कळले म्हणतात तिथे विश्वास बसतो.

याच्या उलट मोह किती मोठा असतो, हे अर्न्स्ट गोम्ब्रिख यांच्या अनुभवातून कळते. पुढे ते कलेचे जगप्रसिद्ध इतिहासकार झाले. दुसऱ्या महायुद्धात ते बीबीसीच्या श्रवण विभागात जर्मन रेडिओ ऐकत असत. प्रक्षेपण मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केले जाई आणि खरखरीतून शब्द वेगळे काढावे लागत. त्यांच्या लक्षात आले की अस्पष्ट आवाजात माणूस जे ऐकू येईल असे त्याला वाटते तेच ऐकतो. एकदा मनाने शब्द ठरवला की पुढे प्रत्येक वेळी तोच शब्द ऐकू येतो, मग तो तिथे असो वा नसो. पण भाषा आणि अपेक्षा अजिबात नसतील तर काहीच ऐकू येत नाही. म्हणून ऐकणाऱ्याने अपेक्षा ठेवायची आणि तिच्यावर पहाराही ठेवायचा. 1 मे 1945 रोजी जर्मन रेडिओने मोठ्या घोषणेची सूचना देऊन ब्रुकनरच्या सिंफनीचा संथ भाग लावला, तेव्हा हिटलर मेला असणार हे याच गोम्ब्रिखनी घोषणेच्या आधी ओळखले. तो त्यांचा 'अंदाज' होता, 'बातमी' नव्हे. अंदाज बांधायला मनाई नाही. तो मजकुरात मिसळायला मनाई आहे.

एका आडनावाची गोष्ट

तुम्ही म्हणाल, हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. इंटर्न म्हणून बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीकडे काय येते? तिच्याकडे बहुधा नावांच्या याद्या येतात, वर्तमानपत्रांची कात्रणे येतात, तांत्रिक पुस्तिका येतात, जुन्या नोंदी तपासायला येतात. ते काम किरकोळ वाटते. ते किरकोळ नाही, हे एका उदाहरणाने दाखवते.

'इवानोवा न्येत दोमा' असे एक रशियन वाक्य आहे. नवशिक्या वाचतो: इवानोवा घरी नाही. रशियन बायकांच्या आडनावांना शेवटी 'आ' लागतो हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो नोंद करतो की इवानोवा नावाची कुणी बाई आहे आणि ती घरी नाही. खरा अर्थ आहे, इवानोव नावाचा पुरुष घरी नाही. 'नाही' म्हटले की रशियनमध्ये नाम षष्ठीत जाते आणि 'इवानोव'चे षष्ठीचे रूप 'इवानोवा' होते. बाई असती तर तिथे 'इवानोवॉय' आले असते. म्हणजे एका चुकीने यादीत अस्तित्वात नसलेली एक बाई आली आणि असलेला पुरुष गायब झाला. आता कल्पना करा, हीच यादी पुढच्या टेबलावर गेली, तिथून संगणकात गेली, आणि वर्षभराने कुणीतरी त्या बाईला शोधायला निघाले. एखाद्या निरपराध इवानोवाच्या दारात पोलीस उभे राहू शकतात. एका विभक्तीची ही किंमत आहे.

इथे मला मराठी मुलांना एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे. ही अडचण इंग्रजीतून रशियनकडे जाणाऱ्याला फार जड जाते. तुम्हाला ती अर्धी घरूनच सुटलेली मिळते. 'घोटावड्याला जायचे आहे' असे ऐकून तुमच्यापैकी कुणी 'घोटावड्या' नावाचे गाव नकाशात शोधणार नाही. 'पाटलांना बोलवा' म्हटल्यावर 'पाटलां' कोण, असे कुणी विचारणार नाही. प्रत्ययापूर्वी नाम आपले रूप बदलते, हे तुमच्या कानात जन्मापासून आहे. रशियनमध्ये तीन लिंगे आहेत. मराठीतही तीन आहेत. हिंदीत दोनच आहेत, इंग्रजीत नामांना व्याकरणातले लिंगच नाही. रशियनमध्ये 'च' आणि 'त्स' असे दोन वेगळे वर्ण आहेत, आणि दिल्लीच्या विद्यार्थ्याला त्यांतला दुसरा घोटून घ्यावा लागतो. आपण 'चार' म्हणताना एक 'च' उच्चारतो आणि 'चाक' म्हणताना दुसरा, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. मुळशीतल्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला रशियन जड जाईल असे समजण्याचे काही कारण नाही. त्याने मराठीचे व्याकरण नीट केले असेल, तर तो इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या दोन पावले पुढेच असतो.

हस्ताक्षराचेही तसेच आहे. छापील रशियन अक्षरे आठवड्यात येतात. हाताने लिहिलेली रशियन मात्र भल्याभल्यांना थकवते. काही अक्षरे सारख्याच उभ्या काड्यांची होतात आणि ओळभर नुसत्या काड्या दिसतात. संदर्भाने, सवयीने, पुन्हा पुन्हा पाहून त्या सोडवाव्या लागतात. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत जमिनीचे जुने मोडी कागद असतील. मोडी वाचायला शिका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, त्यांत वकिलांची आणि बातमीदारांची पत्रे आहेत. मोडीत जोडून लिहिलेली ओळ फोडताना जी नजर तयार होते, तीच रशियन हस्ताक्षरासाठी लागते. बातमी कुणी आणली, कधी आणली, स्वतः पाहिली की ऐकीव आहे, हे सांगण्याची शिस्त आपल्या जुन्या पत्रलेखकांकडे होती. ती आपली परंपरा आहे आणि तिचा अभ्यास हे उत्तम प्रशिक्षण आहे.

कराचीसमोरची रशियन

भाषेचा उपयोग फक्त वाचायला होतो असे नाही. आपल्या मुंबईच्या नौदलाचे उदाहरण देते. 1971 च्या सुमारास भारताने सोव्हिएत संघाकडून क्षेपणास्त्र नौका घेतल्या. त्यांचे अधिकारी आणि खलाशी व्लादिवोस्तोकला कित्येक महिने प्रशिक्षण घेऊन आले होते. नौका रशियन, क्षेपणास्त्रे रशियन, पुस्तिका रशियन, शिक्षक रशियन. म्हणून रशियन शिकणे भागच होते. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौकांनी कराचीवर हल्ला केला. पाकिस्तानची विनाशिका 'खैबर' बुडाली, सुरुंगशोधक 'मुहाफिझ' बुडाली. हे 'ऑपरेशन ट्रायडंट'. त्याच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी 4 डिसेंबरला नौदल दिन पाळतो. त्या रात्री आपल्या नौका बिनतारी यंत्रावर एकमेकींशी रशियनमध्ये बोलत होत्या, असे त्या मोहिमेच्या वर्णनांत आवर्जून सांगितले जाते.

यात अभिमान वाटण्यासारखे पुष्कळ आहे. पण नीट विचार केला तर यात एक इशाराही आहे. साध्या, उघड रशियन बोलण्याचा ढाल म्हणून उपयोग होतो, कारण ऐकणाऱ्याला ती भाषा कळत नाही. रशियन जाणणारा एक माणूस कराचीत श्रवणयंत्राला कान लावून बसलेला असता, तर ती ढाल क्षणात गळून पडली असती. म्हणजे शत्रूच्या अज्ञानावर आपले संरक्षण उभे असते, आणि आपल्या अज्ञानावर शत्रूचे. ज्या देशात परक्या भाषा जाणणारी माणसे थोडी असतात, त्या देशासमोर लोक उघड बोलतात आणि तरीही त्यांची गुपिते सुरक्षित राहतात.

ब्रिटनला हे शीतयुद्धाच्या आरंभी कळले. 1951 मध्ये त्यांनी तिन्ही सेनादलांसाठी मिळून भाषेची शाळा काढली. सक्तीच्या लष्करी सेवेत आलेल्या मुलांपैकी निवडक मुलांना बॉडमिन, कूल्सडन, क्रेल अशा ठिकाणी ठेवून रशियन शिकवली. 1960 पर्यंत सुमारे पाच हजार तरुण तिथून बाहेर पडले. शिक्षकांत बरेच निर्वासित रशियन होते. सतत परीक्षा होत आणि जो नापास होई त्याला परत त्याच्या तुकडीत पाठवत. पण त्याच शाळेत मुलांकडून रशियन नाटके बसवून घेत, कादंबऱ्या वाचून घेत. त्या शाळेतले विद्यार्थी पुढे नाटककार झाले, भाषांतरकार झाले, विद्यापीठांत रशियनचे प्राध्यापक झाले. ॲलन बेनेट आणि मायकेल फ्रेन हे दोघे तिथलेच. फ्रेन यांनी पुढे चेखोवची नाटके इंग्रजीत आणली. सोव्हिएत लष्कराचे रेडिओ संदेश ऐकण्यासाठी सरकारने पैसा खर्च केला आणि त्यातून एका पिढीला एका महान साहित्याचे दार उघडले. माझ्या मते हा अपघात नव्हता. चेखोवचे पात्र गप्प का राहते, हे ज्याला कळते त्यालाच रेडिओवरचा अधिकारी मध्येच का थांबला, हे कळण्याची शक्यता असते.

आपल्याकडची वाट

आता व्यवहाराचे बोलू. अमेरिकेत सीआयएसारख्या संस्था विद्यार्थ्यांसाठी जाहीरपणे इंटर्नशिप ठेवतात आणि भाषा जाणणाऱ्यांना तिथे मागणी असते. पूर्वायुष्याची कसून तपासणी होते, त्याला अनेक महिने लागतात. आपल्याकडे 1968 मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या 'रॉ'मध्ये अशी जाहिरात देऊन विद्यार्थी घेत नाहीत. जो कुणी तुम्हाला समाजमाध्यमावरून 'गुप्तचर खात्यात इंटर्नशिप देतो, एवढे पैसे भरा' असे सांगेल, तो फसवणूक करणारा आहे हे पक्के समजा.

पण वाटा आहेत. इंटेलिजन्स ब्युरोच्या पदांसाठी खुली स्पर्धा परीक्षा होते. संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषांची शाळा दिल्लीत 1948 पासून आहे. परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा शिकावीच लागते आणि त्यांत रशियन आहे. सैन्याच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रशिक्षण केंद्र आपल्या पुण्यातच आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना ज्या परकीय भाषा शिकवतात त्यांत रशियन आहे. अंतराळात जाण्यापूर्वी रशियन शिकलेले राकेश शर्मा याच प्रबोधिनीचे. आणि प्रशिक्षणाची सर्वांत जवळची जागा म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूटची इमारत. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथे आहे. प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशा पायऱ्यांनी नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तिथे रशियन शिकता येते. भऱ्याहून रोज पुण्याला कॉलेजसाठी जाणाऱ्या मुलामुलींना हे आवाक्याबाहेरचे नाही.

वेळ किती लागेल, तेही स्पष्ट सांगते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत इंग्रजी भाषकाला कामापुरती रशियन येण्यासाठी 44 आठवडे, म्हणजे सुमारे 1,100 तास वर्ग धरतात. रोज एक तास मन लावून अभ्यास केला तर तीन वर्षे. बारावीनंतर सुरुवात केली तर पदवीबरोबर भाषा हाती येते.

आणि गुप्तचर खात्यात गेला नाहीत तरी ते कष्ट वाया जात नाहीत. पवईची आयआयटी 1958 मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. तिथे सोव्हिएत तज्ज्ञ आणि सोव्हिएत यंत्रे होती. नाशिकजवळ ओझरला 1964 मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात मिग विमाने बांधली गेली आणि नंतर सुखोई. अशा प्रत्येक कारखान्यात विमानाबरोबर रशियन कागदांचे डोंगर येतात, आणि एका खिळ्याचे माप चुकीचे वाचले तर वैमानिकाचा जीव धोक्यात येतो. अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये रशियाला गेले. त्यांचे साहित्य तिकडे वाचले गेले ते भाषांतरकारांमुळे. भाषा एकच असते. ती कारखान्यात, ग्रंथालयात आणि गुप्तवार्तेच्या टेबलावर सारखीच प्रामाणिकपणे वापरावी लागते.

यंत्र आणि माणूस

हल्ली विद्यार्थी विचारतात, भाषांतर यंत्र करते, मग आम्ही कशाला शिकायचे? मी स्वतः यंत्र वापरते आणि त्याने काम हलके होते. हजार पानांतून उपयोगाची दहा पाने काढून देणे यंत्राला जमते. पण यंत्र अडखळत नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते. मूळ आवाज खरखरीत असो, वाक्य तुटलेले असो, हस्ताक्षर पुसट असो, यंत्र बहुतेक वेळा एक गुळगुळीत, पूर्ण वाक्य पुढे ठेवते. व्हेनोनाच्या कागदांवर ज्या रिकाम्या जागा होत्या, त्या ते भरून टाकते आणि भरल्याचे सांगतही नाही. ती भर ओळखायला मूळ भाषा जाणणारे माणूसच लागते. म्हणजे यंत्र आल्यामुळे भाषा जाणणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. पूर्वी तो स्वतःच्या अंदाजांवर पहारा देत असे. आता त्याला यंत्राच्या अंदाजांवरही द्यावा लागतो.

गुपित आणि सदसद्विवेक

शेवटचा मुद्दा गुपित पाळण्याचा. आपल्याकडे शासकीय गुपिते अधिनियम 1923 पासून लागू आहे. अशा कामात गेलेल्या मुलाने घरीही काही सांगायचे नसते. ब्रिटनमध्ये 1958 साली ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या लष्करी सेवेतल्या श्रवणकामाविषयी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लेख लिहिला. दोघांना तीन-तीन महिने तुरुंगवास झाला. ज्याला वाहवा हवी असते, त्याने या वाटेला जाऊ नये. इथे उत्तम काम केल्याचे कुणाला कळत नाही.

पालकांना मी एवढेच सांगेन की ज्या कामाची चर्चा करता येत नाही, तिथे माणसाचा सदसद्विवेक अधिक जागा असावा लागतो. बाहेरचे कुणी तपासणार नाही हे माहीत असताना वरिष्ठाला आवडेल असे भाषांतर करण्याचा मोह होतो. वरिष्ठाला धोका दिसायला हवा असेल तर वाक्यात धोका दिसू लागतो. त्याला शांतता हवी असेल तर इशाराही सौम्य होऊन उतरतो. अशा वेळी तरुण भाषांतरकाराने नम्रपणे, पण ठामपणे म्हटले पाहिजे: "साहेब, मजकुरात एवढेच आहे. बाकीचे माझे मत आहे, ते वेगळ्या कागदावर देते." हे एक वाक्य बोलता येणे म्हणजे शिक्षण. ते बोलणारी माणसे ज्या खात्यात असतील त्या खात्याच्या हातून निरपराधांवर अन्याय कमी होतील आणि देशाला खरी बातमी वेळेवर मिळेल.

म्हणून या गावाकडे आणि तालुक्याकडे माझी एक विनंती आहे. पिरंगुटच्या कारखान्यांत परदेशी यंत्रे आहेत, परदेशी तंत्रज्ञ येतात. पुण्यात भाषा शिकवणारे आहेत. इथल्या एखाद्या विद्यालयात शनिवार-रविवारी परकीय भाषेचा वर्ग सुरू करा. रशियनपासून करा किंवा चिनीपासून, पण करा. शेजारीच मोडीचा वर्ग ठेवा. ग्रंथालयात दोन चांगले रशियन शब्दकोश ठेवा. आणि त्या वर्गात पहिल्या दिवसापासून एक नियम लावा: ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तिथे मुलाने अंदाज लिहायचा नाही, 'माहीत नाही' असे लिहायचे, आणि त्याबद्दल त्याचे गुण कापायचे नाहीत. आपल्या शाळांत मुले उत्तर कोरे ठेवायला घाबरतात, म्हणून काहीतरी ठोकून देतात. ती भीती घालवलीत, तर त्या वर्गातून गुप्तचर अधिकारी निघोत किंवा अभियंते, वकील, पत्रकार निघोत, त्यांच्या शब्दावर देशाला विसंबता येईल.